पैलवानाची म्हैस, आजाऱ्याची शेळी

मित्रांनो, सोनाळ्याहून सातपुड्याकडे जाणारी गाडीवाट जिथे पहिला ओढा ओलांडते, तिथे उजव्या हाताला एक मळा आहे. मळ्यात विहीर आहे, संत्र्याची थोडी झाडे आहेत आणि गुरांचा कोठा आहे. त्या कोठ्यात सगळ्यात मागच्या खुंट्याला मी बांधलेली असते. मी एक म्हातारी म्हैस. माझी शिंगे मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेली आहेत, दात झिजले आहेत आणि दूध आटून चार वर्षे झाली. माझे नाव कोकिळा. ते मला माझ्या रंगावरून मिळाले. माझ्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या जातीचे लोक आपली गोष्ट सांगतात तेव्हा आपण किती राबलो, किती दूध दिले, हेच सांगतात. मीही राबले. पण मला तुम्हांला दुसरेच काही सांगायचे आहे. मी फार जळकी म्हैस होते. आणि माझा धनी माझ्याहून जळका होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली होती. मी पहिलटकरीण होते. माझी वगार, म्हणजे माझे पहिले रेडकू, माझ्या पायांत घुटमळत होते आणि आम्ही दोघी जळगाव जामोदच्या गुरांच्या बाजारात उभ्या होतो. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस माझ्यासमोर आला. त्याचे कान चुरगळलेले होते. पैलवानाचे कान तसेच असतात, हे मला पुढे कळले. त्याने माझे तोंड उघडून दात पाहिले नाहीत की कासेला हात लावला नाही. नुसता माझ्या डोळ्यांत बघत राहिला.

मग त्याने मनगटातले चांदीचे कडे काढले आणि माझ्या मालकापुढे धरले.

"अकोटच्या कुस्त्यांच्या दंगलीत भेटलं हे. घे, आन् म्हैस दे."

"पैलवान, हे तर तुमच्या मानाचं कडं हाये," मालक म्हणाला.

"हाताले नुसतं ओझं होतं. हिचं दूध अंगाले लागन."

तो हिंमतराव पैलवान. त्या सबंध भागात त्यांच्या जोडीचा गडी नव्हता. गावच्या जत्रेत दरवर्षी कुस्त्यांचा फड भरे. सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात मानाची जोड म्हणजे नारळाची कुस्ती. ती हिंमतरावांनी ओळीने तीन वर्षे मारली होती.

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. कोठ्यासमोरच लाल मातीचा आखाडा होता. हिंमतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ वामन पहाटे तिथे जोर-बैठका काढत, मग झोंबत. अंगाला लागलेली माती न धुताच हिंमतराव माझ्यापाशी येत, उकिडवे बसत आणि स्वतः धार काढत. फेसाळ दुधाचा तांब्या तोंडाला लावत आणि एका दमात रिकामा करत. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "कोकिळे, आजचा जोर तुहा!"

मला वाटायचे, कुस्ती मीच मारते.

जत्रेत ते मला झूल घालून नेत. लोक माझ्याकडे बोट दाखवत. "हेच ते पैलवानाची म्हैस." हे ऐकले की मी मान अशी वर धरीत असे, की बाजूच्या बैलांना राग यावा.

मग हिंमतरावांचे लग्न झाले. रोहिणखेडहून सुभद्राबाई आल्या आणि संध्याकाळची धार त्यांच्याकडे गेली. पहिल्या दिवशी मी लाथ मारून भांडे उलटवले. दुसऱ्या दिवशीही उलटवले. त्या रागावल्या नाहीत. भिजवलेली सरकी ओंजळीत घेऊन माझ्या तोंडासमोर बसून राहिल्या. आठ दिवसांत मी हरले. तेव्हाच मला कळायला हवे होते, की माझ्या स्वभावात काहीतरी वाईट आहे. पण आपल्या स्वभावाकडे कोण बघते?

त्या वर्षी ज्वारी पोटऱ्यात आली होती. जत्रेला तीन महिने होते. नारळाच्या कुस्तीला या खेपेला बऱ्हाणपूरचा एक नावाजलेला पैलवान येणार होता, म्हणून दोघे भाऊ कसून मेहनत करत होते. एका सकाळी हिंमतरावांनी वामनच्या कमरेला मिठी घातली आणि एकदम सोडून दिली. ते गुडघ्यांवर बसले. खोकला थांबेना. मातीवर दोन-तीन गर्द लाल थेंब पडले.

"दादा, रक्त!" वामन ओरडला.

हिंमतरावांनी तळहाताने माती ओढून ते थेंब झाकले. "हिरडीतलं हाये. कोणाले सांगू नको."

"पण दादा..."

"एक डाव सांगतलं ना बे! जत्रा तोंडावर हाये."

त्यानंतर ते संध्याकाळी माझ्यापाशी येऊन पाठीला टेकून उभे राहू लागले. त्यांचा हात तापलेला असे. श्वास छोटा झाला होता. अंगरखा खांद्यावर सैल पडू लागला होता. मी मात्र मनात सुखावले होते. मला वाटले, धन्याचे माझ्यावरचे प्रेम वाढले. आजारी माणसाला टेकायला काहीतरी लागते, हे मला ठाऊक नव्हते.

आठ दिवस वामनने तोंड बंद ठेवले. नवव्या दिवशी सुभद्राबाई धार काढत होत्या, तेव्हा तो त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला आणि रडू लागला. चांगला बावीस वर्षांचा गडी, पण पोरासारखा रडला. त्याने सगळे सांगितले. दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून हिंमतरावांना एस.टी.त बसवले आणि बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे छातीचा फोटो काढला.

क्षय होता.

ते परत आले तेव्हा मी धन्याचा चेहरा पाहिला. बाजारात म्हातारा बैल उभा असतो आणि कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही, तसा तो चेहरा होता. डॉक्टरांनी दीड वर्षाचे औषध सांगितले होते. रोज सुई, आणि मूठभर गोळ्या. ताटवाटी वेगळी, झोपणे वेगळे. आखाड्यात पाय ठेवायचा नाही. कोठ्याला लागून एक मोकळी, वाऱ्याची छपरी होती. तिथे त्यांची खाट पडली. एका बाजूला मी आणि समोर आखाडा.

खाटेवर बसताच ते वामनला म्हणाले, "तूनंच सांगतलं."

"हो, मीनं सांगतलं. नाई तं तू मेला असता, दादा."

"मी मरत नोतो. तुले नारळाची कुस्ती पाह्यजेन होती, म्हणून सांगतलं."

वामन मान खाली घालून विहिरीकडे गेला. सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, मग तोंड फिरवून चूल पेटवली.

मला वाटले होते, आता धनी दिवसभर माझ्याजवळ राहणार. माझे दूध पिऊन बरे होणार. पण त्या गोळ्या फार कडक होत्या. पोटात गेल्या की मळमळ सुरू व्हायची. वर माझे जाड, साईचे दूध प्यायले की सगळे बाहेर पडायचे. चार दिवस हेच झाले. पाचव्या दिवशी सुभद्राबाई डॉक्टरांना विचारून आल्या.

"म्हशीचं दूध जड पडून राह्यलं तुम्हाले. डाक्तर म्हनते, शेळीचं द्या, उकळून."

आणि रोहिणखेडहून, त्यांच्या माहेरून, एक शेळी आली.

मित्रांनो, त्या शेळीचा मी किती द्वेष केला, हे तुम्हांला कसे सांगू? ती पांढरी होती. माझ्या एका पायाएवढी. दूध म्हणाल तर एका वेळी गडवाभर. पण तिला खाटेच्या पायाला बांधले, माझ्या आणि धन्याच्या मधोमध. ती सारखी तोंड हलवायची आणि तिच्या गळ्यातले घुंगरू वाजायचे. मी रात्रभर ते ऐकायची. तिचे गडवाभर दूध धन्याच्या पोटात टिकले. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग दिसू लागला. कोठ्यात येणारा जो तो म्हणे, "शेळी गुणाची हाये." माझ्याकडे कोणी बघतही नव्हते.

आणि माझे दूध? ते वामनकडे गेले.

तो आता एकटा मेहनत करी. पुंजाजी वस्ताद, ज्यांनी हिंमतरावांना घडवले होते, ते आता रोज सकाळी वामनसाठी येत. मेहनत झाली की वामन माझ्यापाशी येऊन बसे. पहिल्या दिवशी त्याने कासेला हात लावला आणि मी पान्हा चोरला. वगारीने ढुसण्या दिल्या, त्याने पाणी मारले, गोंजारले, शिव्या दिल्या. मी चार धारा सोडल्या आणि बाकीचे दूध वर ओढून धरले.

खाटेवरून हिंमतराव बघत होते. कितीतरी दिवसांनी ते हसले.

"शाबास, कोकिळे," ते हळूच म्हणाले.

झाले! मला दुसरे काय हवे होते? मी रोज पान्हा चोरू लागले. वामन थकून उठे आणि खाटेवरून माझ्याकडे ती नजर येई. आम्ही दोघे एका बाजूचे झालो होतो. मला वाटायचे, हेच प्रेम.

पण हिंमतरावांचे दिवस मी जवळून पाहत होते. वामनने दंड थोपटला की यांचा हात आपोआप आपल्या दंडाकडे जाई आणि तिथे नुसती कातडी लागे. वामनने डाव चुकवला की यांना बरे वाटे. बरोबर मारला की ते भिंतीकडे तोंड करून झोपत. एकदा वस्तादांनी वामनची पाठ थोपटली, तेव्हा त्यांनी पाण्याचा गडवा इतक्या जोराने आपटला की शेळी दचकून उभी राहिली.

जत्रेला महिना राहिला तेव्हा पुंजाजी वस्ताद छपरीत आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "हिंमता, पंच विचारून राह्यले. नारळाच्या कुस्तीले नाव कोणाचं देऊ?"

"मले काऊन विचारता? तुमचा पठ्ठा तयारच हाये."

"तू बी माह्याच पठ्ठा होय."

"होतो," हिंमतराव म्हणाले. "द्या वामन्याचं नाव. लढू द्या."

वस्ताद गेले. दुसऱ्या दिवशी अजून उजाडायचे होते. हिंमतराव खाटेवरून उठले, भिंतीला धरून माझ्यापर्यंत आले आणि वगारीचे दावे सोडले. ही माझी दुसरी वगार, चांगली सहा महिन्यांची, दांडगी. तिने माझी कास कोरडी केली. वामन आला तेव्हा भांड्यात काही पडले नाही. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी सुभद्राबाई लवकर उठून कोठ्याच्या दाराआड उभ्या होत्या.

"अवो, हे काय करून राह्यले?"

हिंमतरावांच्या हातात दावे तसेच राहिले. "वगारीले भूक लागली होती."

"वगारीले नाई लागली," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तो तुमच्या सुईसाठी रोज सायकल हानत कंपाउंडरले घेऊन येते. तुमच्या थुंकीचं भांडं राखेनं घासते. मले हात लावू देत नाई. आन् तुम्ही त्याचं दूध तोडता?"

हिंमतराव खाटेवर जाऊन बसले. वगार सोडणे थांबले. पण मनातले थांबले नाही. उलट ते आता माझ्याकडे बघेनासे झाले, आणि हे मला सोसवेना.

मग माझ्या हातून ती गोष्ट घडली. हातून कसली, शिंगातून.

दुपारची वेळ होती. आम्ही ओढ्यावरून पाणी पिऊन येत होतो. वामन मागे राहिला होता. मी पुढे आले आणि पाहिले, तर हिंमतराव खाटेवर बसून त्या शेळीला बाभळीच्या शेंगा चारत होते. आपल्या हाताने. एकेक शेंग. आजारी पडल्यापासून त्यांनी मला हाताने एक काडी दिली नव्हती. शेळीने मान वर करून त्यांचा तळहात चाटला आणि ते हसले.

मी धावले. म्हैस धावते तेव्हा तिला थांबवता येत नाही. मी मान खाली घालून शिंगाचा फटका मारला. शेळी उडून भिंतीवर आदळली. तिचा मागचा पाय मोडला. कासेला मार लागला, सूज आली आणि दूध बंद झाले.

मी जिंकले होते. पण संध्याकाळी खाटेवर दुधाचा पेला आला नाही.

त्या दिवसांत माझे दूध पाणी घालून, पातळ करून दिले. तरी पोटात टिकले नाही. गोळ्या रिकाम्या पोटी जाऊ लागल्या आणि पुन्हा मळमळ, पुन्हा उलट्या. दहा दिवसांत हिंमतरावांचे गाल आत गेले. सुभद्राबाई भरउन्हात पलीकडच्या वस्तीवर चालत जात आणि कुणाकडून तरी अर्धा गडवा शेळीचे दूध मागून आणत. कधी मिळे, कधी नाही. एका संध्याकाळी हिंमतराव गोळ्यांकडे बघून म्हणाले, "राहू दे आता हे औषध. काई फायदा नाई." सुभद्राबाईंनी गोळ्या त्यांच्या मुठीत ठेवल्या आणि ते गिळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी ते काठी घेऊन माझ्यासमोर आले. मी मान खाली घातली. काठी वर गेली आणि वरच राहिली.

"काऊन मारलं वं तिले?" ते म्हणाले. "तिनं तुह्यं काय घेतलं होतं? आँ? तुह्या खुट्यावर बसली होती का ते? तुह्यं कुटार खाल्लं?"

मी एक पाऊल मागे सरले.

"तुले मी पाह्यजेन होतो. मंग माह्याच तोंडचा घोट तोडला तूनं." ते थांबले. दम लागला होता. मग त्यांनी वर पाहिले, आखाड्याकडे. तिथे वामन एकटाच जोर काढत होता. जोराजोराला त्याच्या पाठीवरून घाम गळत होता आणि बरगड्या दिसत होत्या. दोन महिने माझे दूध त्याला धड मिळाले नव्हते.

काठी हळूहळू खाली आली. हिंमतराव माझ्या गव्हाणीच्या काठावर बसले. मग त्यांनी हाक मारली.

"वामन्या! भांडं आन."

वामन आला. घाबरलेलाच होता. हिंमतरावांनी पंचा तोंडाला आणि नाकाला बांधला, माझ्या दुसऱ्या अंगाला उभे राहिले आणि पाठीवर हात ठेवला. तापलेला नव्हे, गार, हाडकुळा हात.

"बस. काढ धार. मी हाये इथं. आता नाई चोरणार ते."

मित्रांनो, मला ते दूध द्यायचे नव्हते. खोटे कशाला सांगू? माझे दूध ज्याच्यासाठी होते तो तर नुसता उभा होता आणि खाली बसलेला दुसराच होता. पण पाठीवरचा हात सांगत होता, सोड. मी कास सैल केली. भांडे भरले, फेस काठावर आला. वामनने ते भावापुढे धरले, सवयीने.

"मले काऊन दाखवतं? पी," हिंमतराव म्हणाले. "बऱ्हाणपूरवाला डाव्या पायावर येते म्हनतात. ताकद लागन."

त्या दिवसापासून रोज सकाळी ते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहू लागले. शेळीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. काही दिवसांनी तिच्या कासेची सूज उतरली आणि थोडे थोडे दूध येऊ लागले. ती शेवटपर्यंत लंगडीच चालली. मी ओढ्यावरून येताना तिच्या बाजूने जात असे तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राही. ते बघणे ही मला मिळालेली शिक्षा होती.

जत्रेचा दिवस आला. हिंमतरावांना गर्दीत जायची मनाई होती. सगळे गाव गेले. मळ्यात आम्हीच उरलो. दुपार कलली तशी गावाकडून हलगी ऐकू येऊ लागली. हिंमतराव खाटेवरून उठून बांधापर्यंत जात, परत येत. हलगी वाढली म्हणजे कुस्ती लागली. मग एकाएकी हलगी थांबली आणि आरडाओरडा झाला. कोण जिंकले, हे तेवढ्यावरून कळत नाही.

दिवस मावळायच्या आधी वामन आला. फेटा काखेत होता. पाठीला माती होती, सगळ्या पाठीला. पैलवानाच्या पाठीला माती लागणे म्हणजे काय, हे आमच्या मळ्यात मलासुद्धा ठाऊक होते.

"हरलो, दादा," तो म्हणाला आणि जमिनीवर बसला.

मी हिंमतरावांकडे पाहिले. ते मी पाहिले नसते तर बरे झाले असते. त्यांच्या डोळ्यांत एक क्षण आनंद चमकला. जुन्या दुखण्यासारखा तो वर आला. मी तो ओळखला, कारण शेळी भिंतीवर आदळली तेव्हा मलाही तसाच झाला होता. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. तीन महिन्यांत ते रडले नव्हते. आता रडले.

"दादा, तू नको रडू. मीनं तुह्यं नाव घालवलं."

"गप बस बे. त्याच्यासाठी नाई रडून राह्यलो." त्यांनी डोळे पुसले. "कोणत्या डावात सापडला?"

"ढाकेत."

"डावीकडून आला होता?"

"हाव."

"मंग कंबर काऊन वर ठेवली? उठ. उभा राह्य."

वामन उठला. हिंमतराव खाटेवरच बसून हातवारे करून सांगू लागले. पाय कुठे टाकायचा, मान कुठे लपवायची, समोरचा श्वास सोडतो तेव्हा काय करायचे. सुभद्राबाई जत्रेतून आल्या तेव्हा अंधार पडत आला होता आणि वामन एकटाच, समोर कोणी नसताना, ढाकेतून सुटत होता. त्यांनी कंदील लावून खांबाला टांगला.

पुढच्या वर्षी नारळाची कुस्ती वामनने मारली. तोवर हिंमतरावांच्या थुंकीतला रोग गेला होता, औषध संपायला तीन महिने उरले होते आणि डॉक्टरांनी त्यांना जत्रेला जायची परवानगी दिली होती. पण एक फुप्फुस कायमचे आखडले होते. पुन्हा मातीत उतरायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मला त्या वर्षी झूल घालून नेले होते, म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. लोकांनी वामनला खांद्यावर घेतले. गुलाल उधळला. हिंमतराव गर्दीच्या कडेला, माझ्या शेजारी उभे होते. त्यांना कोणी खांद्यावर घेतले नाही. एक जण नुसता म्हणाला, "हा पैलवानाचा भाऊ."

वाटेने परतताना माझ्या कानाशी ते म्हणाले, "कोकिळे, आजही जळलो वं मी. वाटलं होतं, गेलं आसन. नाई गेलं."

थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, "पण त्यानं श्वास बरोबर ओळखला. पाह्यलं तूनं?"

औषधाचे उरलेले तीन महिने त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. पुढे ते त्या आखाड्याचे वस्ताद झाले. पुंजाजींच्या माघारी अख्ख्या तालुक्यातले गडी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. ते काठावर बसून शिकवतात, दम लागला की थांबतात. आणि अजूनही एखाद्या पठ्ठ्याने सुरेख डाव मारला की क्षणभर गप्प होतात. मग जोरात "शाबास!" म्हणतात. त्या मधल्या क्षणात काय होते, ते फक्त मला कळते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला खोकला सुटत नसेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर ते लपवू नका. सांगणाऱ्यावर रागावू नका. बरे वाटू लागले तरी औषध मधेच टाकू नका. आजाऱ्याचे ताट वेगळे करा, पण माणूस वेगळा करू नका. आणि ज्या जनावराने तुम्हांला दूध दिले, त्याचे दूध आटले की त्याला बाजाराची वाट दाखवू नका. मला न्यायला दोनदा गिऱ्हाईक आले होते. दोन्ही वेळा हिंमतराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि गिऱ्हाईक मागे फिरले. म्हणून मी आज तुमच्याशी बोलत आहे.

गेल्या महिन्यात कोठ्यात एक नवी म्हैस आली. तरुण आहे. अंग तुकतुकीत, कास भरलेली. तिला माझ्याच गव्हाणीला बांधले आहे. धनी सकाळी तिच्या पाठीवर थाप मारतात. ती थाप मला ऐकू येते. पहिले काही दिवस मी गव्हाणीत आडवी मान टाकून तिला कुटार खाऊ दिले नाही. माझी शिंगे अजून लांब आहेत, ती घाबरली.

काल मात्र मी थोडी सरकले. फार नाही. तिचे तोंड आत जाईल, एवढीच.